फ्रिज लपवला आणि सोफा आला

उत्पन्नाची अट अख्ख्या हिंगोलीत माझ्याइतकी कुणाला समजली नसेल, असं मी गल्लीत छातीठोकपणे सांगत होतो! कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकारी घरं निघाली होती, तीही निम्म्या भाड्यात. आमच्या घरमालकानं दिवाळीच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं होतं. आईला आणि बहिणीला, शितलला, घेऊन जायचं कुठं, या विचारानं माझी झोप उडाली होती. अर्ज दिला होता. आता साहेब घरी चौकशीला येणार होते.

"सोपं आहे," मी शेजारच्या खाजा मियांना म्हणालो. त्यांनीही अर्ज केला होता. "घर जितकं रिकामं, तितकं उत्पन्न कमी!"

"बराबर! पर सामान ठेवतो कुठं?"

"तुमच्याकडं. तुमची पाळी आली की आमच्याकडं!"

आई बाजारात गेली तशी आम्ही फ्रिज, टीव्ही, गाद्यासुद्धा खाजा मियांकडे हलवल्या. खाजा मियांच्या घरातही कारण सांगितलं नव्हतं, आणि आईला तर काही कळू दिलं नव्हतं. तिला सांगणं म्हणजे वारंगा फाट्यापर्यंत दवंडी! मग मी खाजा मियांना घेऊन साहेबांची वाट पाहत गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो.

साहेब आले मागच्या बाजूनं! इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. दारोदार विचारू लागले, "निर्मलाबाईंचं घर कोणतं? माणसं किती? कमावतं कोण?"

लग्नाची मुलगी घरात असली की आमच्याकडे अशी चौकशी फक्त मुलाकडचे करतात. खाजा मियांची बायको खुर्शीदबी धावतच आमच्या घरी गेली. आई बाजारातून येऊन रिकाम्या घरात डोक्याला हात लावून बसली होती.

"निर्मलाबाई, उठा! शितलसाठी पावणे येऊन राहिले!"

"अवं, पन माझं घर कोनं धुऊन नेलं?"

"आमच्याकडं हाय समदं. चला, उचला!"

वाट पाहून कंटाळलो आणि घरी आलो, तर दारातच गार पडलो. आमचं सामान परत आलं होतंच, वर खाजा मियांचा सोफा, कूलर, कपाट, शिलाई मशीन! सोफ्यावर साहेब शिरा खात होते आणि आई सांगत होती, "शेत धा एकर. म्हशी सा. पोरगं आडतीवर म्यानेजर!"

आडतीवर मी सोयाबीनची पोती मोजतो.

"आई, हे पाहुणे नाहीत! भाड्याच्या घराच्या चौकशीला आलेत!"

"मंग मले काहून सांगितलं न्हाई, मेल्या?"

मी साहेबांना हात जोडले. "साहेब, शेत काकाचं, म्हशी काकाच्या. फ्रिज..." फ्रिजही काकाचा म्हणणार होतो, पण शितल त्यातूनच साहेबांना पाणी देत होती.

"अहो, थांबा!" साहेब म्हणाले. "उत्पन्न तहसीलच्या दाखल्यावरून ठरतं. तुमचं अटीत बसतंय. फ्रिज आम्ही मोजत नाही. माणसं खरंच इथं राहतात का, एवढंच पाहतो. सकाळपासून जिथं गेलो तिथं घर रिकामं, गादीसुद्धा नाही! तिथं परत जावं लागणार. इथं मात्र माणसं राहतात, यात शंका नाही!"

माझा जीव भांड्यात पडला. आनंदानं डोळ्यांत पाणीच आलं. आईनं सामान परत आणलं नसतं, तर आमचंही घर लटकलं असतं!

"आता खाजा मियांकडे," साहेब म्हणाले.

दारातले खाजा मिया पांढरे पडले. त्यांच्या घरात झाडूसुद्धा उरला नव्हता! आम्ही धावपळ करत कूलर, कपाट, मशीन तिकडं पोचवलं. सोफा राहिला. त्यावर साहेब बसले होते.

"साहेब," मी चाचरत म्हणालो, "जरा उठता का?"

साहेबांनी सोफ्याकडे पाहिलं, खाजा मियांकडे पाहिलं, आणि शिऱ्याची बशी घेऊन उठले. "चला, तिकडंच बसून लिहितो."

दोघांनाही घरं मिळाली, तीही समोरासमोर! उत्पन्नाची अट आता मला खरोखर समजली आहे, पण गल्लीत ती कुणी ऐकून घेत नाही. सोफा उचलायचा असला की मात्र पहिली हाक मलाच येते.