फोटोसकट आमंत्रण

एकटं राहण्यात माझा हात धरणारा माणूस रोडोपीच्या डोंगरात अजून जन्माला यायचाय, असं मित्रांना ऐकवून मी सोफियातली खोली सोडली आणि एका गावाबाहेरच्या रानात, ओकच्या झाडावर लाकडी घर बांधून राहायला गेलो. आठवडाभरात मी सुतारपक्ष्याला "काय म्हणतोस, लाचेझार?" असं विचारू लागलो. लाचेझार हे माझंच नाव. ते दुसरं कुणी वापरत नव्हतं, म्हणून त्याला देऊन टाकलं.

शेवटी ठरवलं, अख्ख्या गावाला कॉफीला बोलवायचं. कागदावर माझा फोटो छापला, खाली नाव आणि 'रविवारी दुपारी मोठ्या ओकखाली सगळ्यांनी यावं.' कागद ओकाबोका वाटला, म्हणून भोवती जाड काळी चौकट काढली. प्रती बसथांब्यावर, बेकरीच्या दारावर आणि चर्चच्या फाटकावर चिकटवल्या.

आमच्याकडे बल्गेरियात असा काळ्या चौकटीतला कागद माणूस गेल्यावरच लागतो. खांबाखांबावर असे चेहरे बघतच मी मोठा झालो. पण चेहरा स्वतःचा असला, की फोटो कसा आलाय एवढंच दिसतं.

रविवारी खरंच माणसं आली. चांगली वीस-पंचवीस! वर कप पुसता पुसता माझे डोळे भरून आले. मग खालून बेकरीवाल्या स्तोयांकाआजींचा आवाज आला.

"गोड पोरगा होता."

"गोड कसला," शेजारी उभे असलेले मिंचोआजोबा म्हणाले. "माझी करवत घेऊन गेला, तो गेलाच."

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, मिंचो."

"मग करवत कुणाकडे मागू?"

मेलेल्याच्या नावाने वाटतात त्या उकडलेल्या गव्हाचा गोडसर वास वर आला. कुणीतरी माझ्या नावाने मातीत वाईन शिंपडली. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण इतक्या दिवसांत माझ्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं, आणि आजी तर आता माझ्या डोळ्यांच्या रंगापर्यंत आल्या होत्या. त्यांचं होईपर्यंत थांबलो.

मग खिडकीतून डोकं काढलं. "वर या ना. कॉफी तयार आहे."

आजोबांनी काढलेली टोपी परत घातली. आजींनी छातीवर क्रूस काढला, मला नीट न्याहाळलं आणि भडकल्या. "जिवंत आहेस तर आधी सांगायचंस ना, मेल्या. पहाटेपासून गहू शिजवतेय मी."

"आजी, मला नुसती सोबत हवी होती."

"मग जमिनीवर राहायचं. शिडी चढायचं वय आहे का माझं?"

गव्हाचं पातेलं संपलं तसे सगळे निघाले. आजोबांनी करवत तेवढी खाली टाकायला लावली.

"पुन्हा कधी याल?" मी वरून विचारलं.

"चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला," आजी सवयीने बोलून गेल्या.

मी चूक दाखवली नाही. कुणी आपणहून यायचं म्हणतंय, तर आपण जिवंतपणाचा हट्ट कशाला धरायचा?