गव्हाणीपुढचे चौघे

गेल्या नाताळात कोयनेच्या भूकंपाच्या धक्क्यात चर्चमधल्या देखाव्यातले, गव्हाणीपुढचे चारही मातीचे मेंढपाळ कोसळून फुटले आणि मारिया, योसेफ व बाळ मात्र तसूभरही हलले नाहीत. इस्लामपूरचे पाळक शांतवन यांनी या घटनेचा अर्थ पुढे कित्येक रविवार उलगडला. आता नाताळला बिशप येणार होते, आणि शांतवन डोळे लावून बसले होते ती कोयनानगरची बदली त्यांना द्यायची की नाही, हे त्याच भेटीत ठरणार होतं. म्हणून गणपती घडवणाऱ्या आप्पासोंकडे त्यांनी नवे मेंढपाळ सांगितले. शांतवनांच्या पत्नी अनुग्रहाबाई शाळेत जीवशास्त्र शिकवत. प्रदर्शनासाठी त्यांनीही आप्पासोंकडेच चार पुतळे सांगितले होते : वानरापासून माणसापर्यंतचे टप्पे.

त्या टप्प्यांवरून घरात रोज जेवण निवत असे.

“देव माणूस झाला, अनुग्रहा. माकडाचा नातेवाईक न्हाई झाला.”

“आवं, माणूस झाला म्हंजे माणसाची सगळी भावकी आलीच की! देह तेवढा घ्यायचा आन् पणज्याला वळख द्यायची न्हाई?”

“भाकरी वाढ.”

नाताळच्या आदल्या दुपारी चर्चच्या दारात टेम्पोतून चौघे उतरले, नखशिखांत फडक्यांत गुंडाळलेले. आप्पासोंचा फोन आला, “पाळकसाहेब, पूजेआधी तोंडावरचं फडकं काडायचं न्हाई.”

“आप्पासो, आमच्यात पूजा नसते.”

“तुमच्यात जे काय असंल, त्येच्या आधी न्हाई.”

शांतवनांना ही रीत एकाएकी आवडली. अनावरण बिशपांच्याच हस्ते करावं! चौघांतला एक फारच बुटका होता; मेंढपाळाचं पोर असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

संध्याकाळच्या उपासनेत गीत संपलं, मेणबत्त्या स्थिरावल्या, आणि बिशपांनी एकेक फडकं ओढलं. पिवळ्या उजेडात चौघे प्रकटले : केसाळ, पुढे झुकलेले, जणू काळोखानेच हळूहळू उभं राहायला शिकावं तसे. अनुग्रहाबाईंनी आपले पुतळे तत्काळ ओळखले. शांतवनांच्या तोंडचं पाणी पळालं.

पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या हरणाबाई कळवळल्या, “लय लांबनं आल्यात गं बिचारी. चालून चालून पाठी वाकल्यात.”

बिशपांनी वाकून चौघांना एकेक करून निरखलं. मग चष्मा पुसत म्हणाले, “खरंच, फार लांबून. देवानं देह धारण केला म्हणजे या देहाची सारी वाटचाल धारण केली. शांतवन, हे दाखवायचं धैर्य माझ्यात नव्हतं.”

टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

“कोयनानगरच्या तरुण इंजिनिअरांना श्रद्धा आणि विज्ञान दोन्ही हवं आहे,” बिशप पुढे म्हणाले. “तुम्ही जुन्या विचारांचे, असं कानावर होतं, म्हणून तुमचं नाव मी वगळणारच होतो. आता तिथं तुम्हीच जायचं!”

अनुग्रहाबाई पुढच्या बाकावरून वाकून कुजबुजल्या, “आवं, सांगा की! चुकून आल्यात म्हनावं. माझी शाळा हितं हाय, ऱ्हाऊ आपुन हितंच.”

एका वाक्याचाच प्रश्न होता. शांतवनांनी टाळ्या वाजवणाऱ्या मंडळीकडे पाहिलं, बिशपांच्या पाणावलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

“अनेक वर्षांचं चिंतन आहे, साहेब.”

अनुग्रहाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. मंडळीला वाटलं, बाई प्रार्थना करताहेत. मग सगळ्यांनीच माना लववल्या.