रोह्याचा इतिहास पेणला जातो

"नदी माझं काय वाकडं करणार?" असं रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या गोविंदराव मोकलांनी ज्या सकाळी छाती ठोकून म्हटलं, त्याच सकाळी कोणीतरी त्यांचं तोंड धरायला हवं होतं. पण धरणार कोण? घरात एकट्या चंद्रावतीबाई, आणि त्यांनी नवऱ्याचं तोंड धरायचा नाद तीस वर्षांपूर्वीच सोडला होता!

आधी हा माणूस कोण ते सांगतो, मग त्याची फजिती. गोविंदराव धाटावच्या एका कंपनीत टाइमकीपर होते. नोकरीभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या मांडल्या, पण जीव सगळा रोह्याच्या इतिहासात. शिफ्ट सुटली की सायकल काढायची, एखादा म्हातारा नाहीतर म्हातारी गाठायची आणि जुन्या गोष्टी लिहून घ्यायच्या. पूल नव्हता तेव्हा लोक कुंडलिका कशी ओलांडायचे, पहिली एसटी पाहून कोण भातात जाऊन लपलं, बाजारात चहाचं पहिलं दुकान कोणी टाकलं, असलं सगळं. बावीस वर्षांत एकशे अकरा माणसं लिहून झाली. कागद कुठला? तर कंपनीच्या बाद हजेरीपत्रकांची मागची कोरी बाजू. पुढून पाहिलं तर कोणाची तरी सेकंड शिफ्ट, मागून पाहिलं तर रोह्याचा इतिहास!

आणि पद्धत तर ऐकाच. एकट्या म्हाताऱ्याचं ऐकून लिहिणारे ते गप्पिष्ट, असं गोविंदरावांचं मत. ते घरातल्या सगळ्यांना गोळा करायचे. मुलगा, सून, भाऊ, जावई, जो हाताला लागेल तो. त्या सगळ्यांच्या पुढ्यात म्हाताऱ्यानं सांगायचं आणि खाली पाच जणांनी साक्षीदार म्हणून सह्या करायच्या. "कोर्टात दोन साक्षीदार पुरतात, माझ्याकडं पाच!" हे त्यांनी अष्टमीत नि रोह्यात कोणाला ऐकवलं नव्हतं, असा माणूस दाखवा.

या एकशे अकरांतली शंभरावर माणसं एव्हाना वर गेली होती. म्हणजे राहिले होते ते फक्त कागद. पाच गोण्या! नक्कल एकाचीही नाही. आता वाचनालयाचे चिटणीस केरूभाऊ यांनी एक खोली मोकळी करून दिली होती. पंधरा ऑगस्टला प्रदर्शन ठरलं होतं. जन्मात एकदा गोविंदरावांचं नाव पत्रिकेवर येणार होतं.

भीती एकच, नदीची. गेल्या वर्षी पाणी घराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. म्हणून त्यांनी बेत केला. पेणला चंद्रावतीबाईंचा भाऊ, विठू. त्याचा गणपतींचा कारखाना. उंच जोतं, पक्कं छप्पर. "पाच गोण्या जूनमध्ये पेणला, ऑगस्टात परत. नदी माझं काय वाकडं करणार?"

आता इथं त्या घरची एक रीत सांगायला हवी. विठू कागदाच्या लगद्याचे गणपती करायचा. त्यासाठी साऱ्या गणगोतानं वर्षभराची रद्दी सांभाळून ठेवायची आणि ज्येष्ठात गोण्या भरून पेणला पाठवायची. देवाच्या अंगाला लागणारा कागद, म्हणून गोणीला हळदकुंकू लावायचं, तोंडाला लाल दोरा बांधायचा. लग्न झाल्यापासून चंद्रावतीबाईंनी हे एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

टेम्पो दारात आला. गोविंदरावांचा ऊर भरून आला होता.

"अगं, एवढं शुभ काम आहे! जरा हळदकुंकू लाव की गोण्यांना!"

"लावू?"

"लाव म्हणजे? पाचहीला लाव! आणि नीट बांधून दे. तुझ्याकडं तो लाल दोरा असतो ना?"

पाहा! स्वतःच्या तोंडानं! आणि विठूसाठी त्यांनी सविस्तर चिठ्ठी लिहिली, 'हे कागद अमोल आहेत, पाण्यापासून जपणे.' ती हरवू नये म्हणून ठेवली कुठं? पहिल्या गोणीत. वरून दोरा!

तुम्ही म्हणाल, फोन करायचा होता. केला ना. विठूच्या बायकोनं, सरूनं घेतला.

"गोण्या पोचल्या का गं?"

"पोचल्या ना दाजी! आतल्या खोलीत ठेवल्यात."

"आणि उंदरांचं काय?"

"उंदीर अजून नाय केले. ते आमी शेवटी करतो."

उंदरांचा बंदोबस्त पेणमध्ये शेवटी करत असतील, असं समजून गोविंदरावांनी समाधानानं फोन ठेवला.

ऑगस्टच्या सात तारखेला ते गोण्या आणायला गाडीत बसले. कासू स्टेशन येईपर्यंत उद्घाटनाचं भाषण पाठ झालं होतं. पेणला उतरले ते जवळजवळ नाचतच. कारखान्याच्या दारात विठू उभा, कोपरापर्यंत पांढरा.

"या दाजी, या! तुमच्या कागदानं यंदा माझी लाज राखली बघा!"

"म्हणजे वाचलास की काय?"

"वाचायला कुठं सवड हाय? पण काय कागद, दाजी! जुना, मऊ. पाण्यात टाकला की लोणी!"

"पाण्यात?"

"मग? सुका कागद कुटतात व्हय?"

"विठू, माझ्या गोण्या कुठं आहेत?"

"त्या काय, समोर!" विठूनं अभिमानानं हात फिरवला. समोर फळ्यांवर ओळीनं गणपती बसले होते. काही रंगवलेले, काही नुसते पांढरे. सगळे प्रसन्न.

गोविंदराव मटकन खाली बसले. मग किंचाळलेच. "अरे मेल्या! ज्या नदीला भिऊन मी कागद हलवले, त्या नदीनं बावीस वर्षांत जे केलं नाही, ते तू एका पिंपात केलंस!"

विठू बावरला. "हळदकुंकू होतं ना गोणीला! लाल दोरा होता!"

"चिठ्ठी होती आत! चिठ्ठी!"

"आत होती? मंग ती पण भिजली असंल."

सरू पाणी घेऊन धावली. गोविंदराव रडत होते. लहान पोरासारखे, नाक ओढत. शंभर माणसं मेली तेव्हा ते प्रत्येकाच्या मातीला गेले होते, पण असे रडले नव्हते. तेव्हा कागद होते ना घरी! आज ती शंभरही माणसं एकदम मेली.

शेवटी मालूला दया आली. मालू म्हणजे कारखान्यात मूर्तीचे भाग जोडणारी बाई. ती म्हणाली, "दाजी, समदं नाय भिजलं. जोडाला आतून कागदाच्या पट्ट्या लावतो ना, त्या मी तुमच्याच कागदाच्या कापल्या. अक्षरं दिसतात अजून."

बुडत्याला काडीचा आधार! गोविंदरावांनी बॅटरी मागितली, एक गणपती अलगद आडवा केला आणि खालच्या भोकातून आत पाहिलं. खरंच! त्यांचंच अक्षर! एका पट्टीवर लिहिलं होतं, '...ती काळी म्हैस पाटलांनी गोव्याहून...' आणि लगेच खालच्या पट्टीवर, '...हिच्याशी त्यांचं दुसरं लग्न थाटात लागलं.'

"अगं मालू, कशाला काय जोडलंस!"

"मी जोड बघून लावते दाजी, मजकूर बघून नाय!"

दुसरा गणपती आडवा, तिसरा आडवा. चौथ्याला जागा पुरेना म्हणून गोविंदरावांनी तो सरळ डोक्यावर पालथा धरला आणि नेमक्या त्याच वेळी कासूच्या विमलबाई आपला गणपती पसंत करायला आत आल्या. त्यांनी पाहिलं तर एक म्हातारा देवाला उलटा धरून आत डोकं खुपसून म्हणतोय, "कुठं गेली पुढची ओळ? गिळलीस का रे?"

"अरे देवा! हे काय चाललंय?"

"बाई, इतिहास शोधतोय!"

"देवाच्या पोटात?" विमलबाई कडाडल्या. "विठू, उलटा केलेला गणपती मी घरात नेणार नाही! हाही नको, तोही नको! जे जे याच्या हाताला लागलेत ते एकही नको!"

त्यांच्यामागून आलेल्या गिऱ्हाइकांनी ते ऐकलं. त्यांनीही विचारायला सुरुवात केली, आमचा उलटा केला होता का? विठूनं आईची शपथ घेतली, गळ्याची शपथ घेतली, मग हात जोडून मेहुण्याकडं वळला. "दाजी, झालं ते झालं. आता माझा सीझन तरी बुडवू नका. घरी जा!"

गोविंदराव उठलेच होते, तेवढ्यात हातातल्या मूर्तीत त्यांना शेवटची पट्टी दिसली. '...पारीच्या सासऱ्यानं उडी घेतली आणि होडीतल्या बावीस माणसांना एकेक करून...'

पारी! होडी उलटल्याची हकीकत! साऱ्या संग्रहातला कोहिनूर! आणि पारी तर अजून होती. एकशे अकरांतली धडधाकट अशी एवढी एकच!

घरी आल्यावर चंद्रावतीबाई समजावू लागल्या, "अहो, देवाच्याच अंगाला लागला ना इतिहास? कोणाच्या पुड्या बांधायला तर नाही गेला?" गोविंदरावांनी जेवण टाकलं. मग केरूभाऊंकडं गेले, प्रदर्शन पुढं ढकला म्हणाले.

"पत्रिका वाटून झाल्या हो! पाहुणे ठरले, मंडप ठरला. खोलीत कायतरी लावायलाच हवं."

"एकच हकीकत असली तर चालेल?"

"एक तर एक! भिंत रिकामी नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी गोविंदराव नवी वही घेऊन नदीकाठच्या आदिवासी वाडीवर गेले. पारी दारात जाळ्याचा गुंता सोडवत बसली होती. ऐंशी वर्षांची, पण नजर सुईसारखी. घरात दुसरं कोणी नव्हतं. गोविंदराव घुटमळले. साक्षीदारांशिवाय लिहायचं? पण वेळ कुठं होता! सह्या मागाहून घेऊ म्हणाले.

"आजी, ती होडी उलटल्याची गोष्ट परत सांगतेस? माझे कागद गेले."

"सांगते की." पारीनं जाळं बाजूला सारलं. "पाऊस मोठा. होडी मधोमध आली नि उलटली. पयली उडी घेतली माझ्या सासऱ्यानं."

"हां!" गोविंदराव भराभर लिहू लागले.

"ती थेट काठाकडं."

हात थांबला. "काठाकडं?"

"मंग! जीव कोनाला नको असतो? एकटाच बाहेर आला नि बसला कापत. मानसं काढली ती माझ्या सासूनं. जाळं फेकलं नि वढली, मासळीवानी. बावीसच्या बावीस!"

"अगं पण मागच्या खेपेला तू सासऱ्याचं नाव सांगितलंस! पाच साक्षीदार होते!"

"व्हते ना! तूच बशिवलेस! नवरा बसलेला, दोन दीर बसलेले, पुतने बसलेले. त्यांच्या बापाला त्यांच्या तोंडावर पळपुटा म्हनू? नंतर नांदायचं मला व्हतं, तुला नाय!"

गोविंदरावांच्या कानांत भोंगा वाजल्यासारखं झालं. एकशे अकरा म्हातारे आणि प्रत्येकासमोर पाच साक्षीदार! सासूसमोर सून बोललेली, मुलांसमोर बाप बोललेला, भावकीसमोर भाऊ बोललेला. कोण खरं सांगणार होतं? पेणच्या पिंपात जे भिजलं त्यात इतिहास होताच किती? आणि जो खरा होता तो घेऊन ती शंभर माणसं गेली. आता विचारायचं कोणाला? त्यांना परत रडू आलं.

पारीला कळवळा आला. "असा रं काय करतोस? मी हाय ना! लिही खरं, सांगते."

खरंच की! एक तर खरी मिळेल! डोळे पुसून गोविंदरावांनी नवं पान काढलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पारीच्या सासूचा पराक्रम'. पारी रंगात आली. सासूचं नाव हौसा, तिनं पाय कुठं रोवले, जाळं कसं फेकलं, हातांची सालटी कशी निघाली. गोविंदराव लिहीत होते आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या अंगावर काटा येत होता.

"आनि मंग सासूनं जाळ्याचा दोर कमरेला बांधला नि..."

एवढ्यात अंगणात पावलं वाजली. पारीचा मुलगा भिकू, सून जानी, दोन पुतणे आणि धाकटा दीर. गोविंदराव आलेत म्हटल्यावर पाचही जण सवयीनं समोर मांडी घालून बसले.

पारीनं मान वर केली, पाचही तोंडांवरून नजर फिरवली आणि श्वास न घेता पुढं सांगू लागली, "...नि मंग माझ्या सासऱ्यानं घेतली ना उडी! एकेकाला धरून काढलं! वाघ व्हता तो मानूस!"

"व्हय, व्हय," दीर मान हलवत म्हणाला. "बाप माझा वाघच."

"आजी," गोविंदराव काकुळतीला येऊन पुटपुटले, "आता मी काय लिहू गं?"

"लिही तुला बरं वाटंल ते," पारी म्हणाली. "पन बिगी बिगी आटप नि सह्या घे. भिकूला शिफ्टला जायचंय."

सह्या मात्र पाचच्या पाच मिळाल्या.