आठ नंबरवाले म्हात्रे सर

गावात कुणाला ठेच लागली की लोक हळद शोधतात, आमचे शेजारी म्हात्रे सर चष्मा शोधतात. ‘थांब, पुसू नकोस! लाल झालं? गरम लागतंय? वा, आठ नंबर पोचला!’ समोरचा एका पायावर नाचत असतो आणि सर पोरगं पास झाल्यासारखे खूश. माझे बाबा ट्रकवाले. त्यांच्या अंगठ्यावर जॅक पडला तेव्हाही सर असेच धावत आले होते. बाबांनी त्यांना जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

आठ नंबर म्हणजे इंटरल्युकिन-आठ नावाचं प्रथिन. सर कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचे आणि डॉक्टरेट याच एका प्रथिनावर. आता उरणात राहणाऱ्या माणसाने मिठागरावर अभ्यास करावा, गेलाबाजार मासळीवर करावा. पण नाही! अंगात कुठे जखम झाली किंवा जंतू शिरले की तिथल्या पेशी हा आठ नंबर सोडतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी तो जिकडे दाट तिकडे सरकत जातात, रक्तवाहिनीतून बाहेर पडतात आणि जंतूंवर तुटून पडतात. जागा सुजते ती या गर्दीने. ‘अंगणात बोंबील वाळत घातले तर मांजरांना पत्ता द्यावा लागतो का?’ असं सर विचारतात. हे इतक्यांदा ऐकलंय की मला आता बोंबील बघूनही पांढऱ्या पेशी आठवतात.

त्याची घडणही ऐकावी लागते, विचारा न विचारा. एकदा आमच्या ओट्यावरची नवी दोरी उचलून त्यांनी तो बांधूनच दाखवला. तीन पदर शेजारी शेजारी, त्यांच्यावर तिरका एक पीळ, पुढे सुटी शेपटी. शेपटीचं मूळ आईच्या कपड्यांच्या दोन चिमट्यांनी धडाला अडकवलं. ‘हे गंधकाचे बंध. सुटले की घडी विसकटली. आणि शेपटीचं टोक छाटलं तर हा पेशीला जाऊन बिलगेल, पण पेशी ढिम्म हलणार नाही!’

‘सर, माझे चिमटे द्या,’ आई म्हणाली.

सरांची बायको सुमनकाकी तर वैतागलेलीच. ‘यांचं लगीन त्या आठ नंबराशीच लावायला पायजे व्हतं,’ असं चारचौघांत सांगायची. काकीची तांदळाची भाकरी गावात एक नंबर. हळदीच्या दिवशी लग्नघरी प्रत्येक घरातून एक बाई भाकऱ्या थापायला जाते, ही आमच्याकडची रीत. तिथे मधल्या चुलीपुढची जागा काकीचीच असायची. मग काकीला आमवात झाला. बोटांचे सांधे सुजले, वाकडे झाले, आणि काकीने लग्नाला जाणंच सोडलं.

माझ्या भावाच्या हळदीचं बोलावणं घेऊन मी स्वतः गेले. ‘लोकांच्या चुलीम्होरं हात मांडीवर ठेवून बसू व्हय? नको बाय,’ काकी म्हणाली. मी रुसले, भांडले. आईच्या खालोखाल तिच्या हातचं खाऊन वाढलेय मी. तिच्याशिवाय हळद मला नकोच होती. पण काकी हलेना. सर दारात उभे राहून तिच्या बोटांकडे बघत होते.

हळदीच्या सकाळी मांडवात बायकांच्या भाकऱ्या सुरू झाल्या, तोच सर आले. लुंगी खोचलेली, खांद्यावर टॉवेल. ‘आमच्या घरची पाळी,’ म्हणाले आणि बायकांच्या घोळक्यात चक्क मांडी घालून बसले.

‘अवो सर, पुरुषमानसं मटणाच्या टोपाकडं!’ आत्या ओरडली.

‘घरटी एक माणूस ना? मी घरातलाच आहे.’

पहिली भाकरी हातातच फाटली. दुसरी राखेत पडली. तिसरी तव्यावर गेली, पण तिला भाकरी म्हणायला जीव धजेना. बायका हसून लोळल्या. माझ्या चुलतबहिणीने व्हिडिओ काढून गावातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. सर मान खाली घालून थापतच होते.

थोड्याच वेळात काकी आली. केस अर्धे विंचरलेले, हात पदराखाली. ‘माझ्या घरची अब्रू तव्यावर घातली व्हय!’ म्हणत सरांच्या शेजारी बसली. ‘उकड थंड करून मळतात का कधी? पानी लावा. अवो जोर नको, तळवा फिरवा. असा!’ आणि दाखवायच्या नादात तिचे हात बाहेर आले. ती वाकडी, सुजलेली बोटं सगळ्यांसमोर हवेत भाकरी थापू लागली. बायका आपापल्या भाकऱ्या थापत राहिल्या. मला भरून आलं, म्हणून मी सरांची फिरकी घेतली.

‘सर, आज आठ नंबरचं काही नाही?’

सरांनी मान वर केली नाही. ‘त्याला बोलावता येतं, पोरी. पुरे म्हणता येत नाही. जखम नाही, जंतू नाही, तरी हिच्या बोटांत पेशींना बोलावतच सुटलाय. एकटा तोच नाही, पण तोही आहे. सगळी उमर त्याच्यावर घालवली मी. आणि हिच्या एका बोटाची सूज उतरवता आली नाही मला.’

काकीने मनगटाने पाण्याचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

‘बडबड पुरे,’ ती म्हणाली. ‘परातभर उकड पडलीय. थापा तुमी. मी हाय हितंच.’