ससा तपासून घ्यावा

माणूस खुर्चीवर बसून दमतो, हे सांगून कुणाला पटत नाही. तपासनिसांना तर आता सांगायचाही कंटाळा आला होता. ते प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या कारखान्यात मालाची तपासणी करायचे. दर दहावी खुर्ची ओढून घ्यायची, तिच्यावर बसायचं, डावीकडे झुकायचं, उजवीकडे झुकायचं, पाठ टेकायची आणि उठायचं. खुर्ची डुगडुगली की निळ्या खडूने फुली. अशा दिवसाला अडीचशे खुर्च्या, म्हणजे अडीचशे उठाबशा, आणि त्याही काही गुन्हा केलेला नसताना. संध्याकाळी घरी आले की ते भिंतीला टेकून उभे राहायचे. कुणी प्रेमाने "बसा ना" म्हटलं की ते भिंतीला आणखी चिकटायचे.

अशाच एका गुरुवारी, भिंतीला टेकलेले असताना, ते "हो" म्हणून बसले. (म्हणजे उभ्या उभ्याच.)

त्याचं असं झालं. त्या घरात 'नाही' हा शब्द कुणी वापरत नसे. त्याच्या जागी 'बघू' होतं. नऊ वर्षांच्या लेकीने पोहायच्या वर्गाचं विचारलं, बघू. सायकल, बघू. मैत्रिणीच्या घरी राहायला जायचं, बघू. पुढे पुढे लेक विचारायचीच थांबली. तपासनिसांना वाटलं, पोर शहाणी झाली. कौतुकाने तसं ते बायकोला बोललेही. बायको दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांना कडू गोळ्या देऊन तिला बोलायचीही तशीच सवय लागली होती. ती म्हणाली, "शहाणी झालेली नाही ती. तिने तुमचा नाद सोडलाय."

हे त्यांना लागलं. दोन दिवस खुर्च्यांवर बसतानासुद्धा लागत राहिलं. आणि त्या गुरुवारी लेक आईला सांगत होती की तिला एक ससा हवाय. आईला, बरं का. बाबा तिथेच उभे होते, पण कपाटाला वळसा घालून जावं तसं ती त्यांना वळसा घालून बोलत होती. तेव्हा तपासनीस म्हणाले, "हो, आणू. या रविवारी." लेकीने वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू बंद पडलेल्या घड्याळाने ठोके दिले.  आणि रविवारच्या चपला तिने त्याच दिवशी दाराशी आणून ठेवल्या.

आता ससा आणायचा कुठून? बायकोच्या दवाखान्यामागे टाकलेल्या, सोडलेल्या जनावरांचा निवारा होता. तिथे ससेही आहेत, आणि आपल्याला कुणाचा तरी दुवा मिळेल, असं तिचं म्हणणं पडलं. तपासनिसांनी मान हलवली. परत आलेला माल घरात घ्यायचा नाही, हे त्यांचं बावीस वर्षांचं तत्त्व. माल नवा हवा, आणि निवडायला भरपूर हवा. म्हणून दुकानच ठरलं. (भिंती पातळ आहेत, त्यामुळे हे सगळं शेजारीपाजारीही ठरलं.)

दुकानात पुढे मासे, मग पोपटासारखे पण पोपट नसलेले पक्षी, आणि सगळ्यात मागे सशांचे अकरा पिंजरे. लेक तिसऱ्या पिंजऱ्यापाशी गेली आणि थांबली. आत एक पांढरा ससा पुढच्या दोन्ही पायांनी तोंड धूत होता. त्याचा एक कान उभा, एक पडका. "हा," लेक म्हणाली.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण माल समोर दिसला की तपासनिसांचं डोकं घरी आणि हात कारखान्यात. "थांब, आधी सगळे पाहू," ते म्हणाले. डब्याच्या सुट्टीत त्यांनी एक कात्रण वाचलं होतं: डोळे स्वच्छ हवेत, नाक कोरडं हवं, दातांवर दात नीट बसायला हवेत. इथवर ठीक होतं. पण पुढचं कात्रणात नव्हतं, ते त्यांच्या पदरचं. प्रत्येक ससा ते फळीवर ठेवायचे आणि चारही पाय सारखे टेकतात का ते वाकून बघायचे. मग पाठीवर हात ठेवून जरा डावीकडे, जरा उजवीकडे. आता ससा म्हटलं की तो मागे बुडावर बसणार आणि पुढे चुळबुळ करणार. सगळेच डुगडुगले. एकाचे डोळे पाणावलेले, दुसऱ्याला शिंका, चौथा ढकलल्यावर चावला. तिसऱ्याचा एक दात किंचित तिरका निघाला. नापास.

दुकानदार पुढे माशांना खाऊ घालत होता. तो हात पुसत मागे आला तेव्हा अकराच्या अकरा पिंजऱ्यांवर निळी फुली दिसत होती. खिशातला खडू हातात कधी आला, हे तपासनिसांनाही सांगता येईना. दुकानदार फुल्यांकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "साहेब, ससा न्यायला आलात की जावई बघायला?"

तपासनीस शरमले. रुमाल ओला करून एकेक फुली पुसू लागले. तिसऱ्या पिंजऱ्याशी आले आणि त्यांच्या लक्षात आलं की तिथल्या जाळीवर खडू उमटलेलाच नाही. तो उमटलाय बाहेर आलेल्या पडक्या कानावर. त्यांनी कान पुसला. ओला रुमाल, निळा खडू आणि पांढरा कान. जितकं पुसावं तितकं पसरत गेलं, आणि दोन मिनिटांत टोकापासून बुडापर्यंत सगळा कान आकाशासारखा झाला.

तेवढ्यात एक बाई माशांचं खाद्य घ्यायला आल्या आणि तिथेच थबकल्या. हा निळ्या कानाचा कोणत्या जातीचा म्हणून त्यांनी विचारलं. दुकानदाराने एक श्वास घेतला, तपासनिसांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बाहेरचा आहे. एकच आलाय."

पाच मिनिटांत ससा खोक्यात बसून दाराबाहेर गेला. दुकानदाराचा राग पार निवळला, उलट आणखी दोघांचे कान रंगवून जा म्हणून तो आग्रह करायला लागला. लेक मात्र त्या बाई कोपऱ्यावरून वळेपर्यंत खोक्याकडे बघत उभी होती. घरी येताना तपासनीस तिरक्या दाताचे तोटे समजावून सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे बाबा. तुम्ही दमला असाल." ती रडली असती तर परवडलं असतं.

पुढच्या रविवारी ते गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेले. त्याच्याकडे ससे झालेत, फुकट देतो, असं कारखान्यात कळलं होतं. शिंपी दारातच हात पसरून उभा होता. दोन न्या, चार न्या, पिंजऱ्यासकट न्या, नको असेल तर पिंजरा ठेवा पण ससे न्या. त्याच्यामागे त्याची बायको हात जोडून उभी होती. अंगणात तीस-एक ससे, शिवणयंत्राखाली पिल्लं, कापडाच्या चिंध्यांत आणखी पिल्लं. यातले नर कोणते, असं तपासनिसांनी विचारलं. शिंपी प्रामाणिक माणूस होता. तो म्हणाला, "मी दोन सख्खे भाऊ म्हणूनच आणले होते."

लेक चिंध्यांवर मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीत एक करड्या रंगाचा ससा डोळे मिटून पडला होता. तपासनिसांच्या डोळ्यांसमोर त्या एकाचे तीस झाले, आणि ते आपल्या दीड खोलीत, भिंतीपाशी उभं राहायलाही जागा न ठेवता, इकडून तिकडे पळू लागले. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जरा बघू."

शब्द गेला आणि त्यांनी जीभ चावली. पण लेकीने ससा खाली ठेवला होता. फ्रॉक झटकला, उठली, आणि जाताना अंगणाच्या फाटकाची कडीसुद्धा नीट लावली. त्या संध्याकाळी भागाकार अडला तेव्हा ती आईकडे गेली. भागाकार आजवर बाबांचा होता. आईला येत नाही हे तिला माहीत होतं, तरी गेली. तपासनीस भिंतीपाशी उभे राहून बघत होते.  बायकोने निवाऱ्याचा चार पानी फॉर्म आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

निवारा चालवणाऱ्या बाई बुधवारी घर बघायला आल्या. गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, हातात कागद लावलेली पाटी. आल्या आल्या त्या जमिनीवर ओणव्या झाल्या आणि रांगत पलंगाखाली गेल्या. "बसा ना," तपासनीस सवयीने म्हणाले. पलंगाखालून फक्त पेनाचा आवाज आला.

दिव्याच्या वायरी उघड्या, ससा कुरतडेल. फुली. फरशी गुळगुळीत, त्याचे पाय घसरतील. फुली. गॅलरीच्या कठड्याला फटी. फुली. तपासनीस बाईंच्या मागे मागे फिरत होते. बावीस वर्षांत इतक्या फुल्या मारल्या, पण फुली समोरून येताना कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पेनाचा आवाज झाला की त्यांचे खांदे आपोआप आत जायचे. खुर्चीच्या मनात काय येत असेल, ते आज त्यांना थोडंफार कळलं.

शेवटी बाईंनी विचारलं की बाजारात एवढी दुकानं असताना इथे का आलात. बायकोने तपासनिसांकडे पाहिलं. लेक वहीत डोकं घालून बसली होती, पण पेन्सिल चालत नव्हती.

 तपासनीस म्हणाले, "चूक माझी झाली. हिला पहिला पाहिला तोच आवडला होता. काही वाईट नव्हता. मीच उगाच खुसपटं काढत बसलो. दुसऱ्यांदाही मीच."

बाईंनी चष्मा नाकावरून खाली सोडला. "वायरी शनिवारपर्यंत झाकून होतील?"

तपासनिसांनी तोंड उघडलं. ओठ मिटले, पुन्हा उघडले. ओठांवर कोणता शब्द येऊन बसलाय हे सगळ्या घराला दिसत होतं. लेकीने वहीतून डोकं वर काढलं.

"आजच करतो," ते म्हणाले.

आणि केलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, कारखान्यातल्या अडीचशे उठाबशा संपवून ते घरी गुडघ्यांवर रांगत होते. वायरी नळीतून ओवल्या, फरशीवर सतरंज्या अंथरल्या, गॅलरीच्या फटींना जाळी ठोकली. ठोकठोक इतकी चालली की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, घर विकताय की काय. शुक्रवारी शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर त्यांना गुडघे सरळच करता येईनात. ते तसेच फरशीवर बसून राहिले आणि लेकीने न सांगता त्यांना पाणी आणून दिलं.

रविवारी निवाऱ्यात तिघं हजर झाली. तपासनीस हात मागे बांधून सशांपाशी वाकले, तशा बाई म्हणाल्या, "इथे तुम्ही निवडायचं नाही. आत जाऊन जमिनीवर बसा. उचलू नका, बोलावू नका. जो येईल तो तुमचा."

अर्धा तास तिघं बसली. तपासनिसांच्या पायांना मुंग्या आल्या, पण हलायचीही चोरी. शेवटी कोपऱ्यातून एक तपकिरी ससा आला. त्याच्या एका कानाचा तुकडा गेलेला, एका डोळ्यात फूल पडलेलं. दोन घरांतून परत आला होता, असं नंतर कळलं. तो लेकीच्या पायाशी आला आणि चपलेवर हनुवटी टेकून थांबला. लेकीने श्वाससुद्धा घेतला नाही. मग तो आईकडे गेला, तिची साडी हुंगली, पुढे गेला. तपासनिसांना त्याने गुडघ्यापासून खिशापर्यंत सावकाश हुंगलं, बराच विचार केला, त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटला.

बाईंनी पाटीवर लिहिलं. तपासनिसांनी मान वेळावून वाचलं. मुलगी: उत्तम. आई: चांगली. वडील: सशाला हळूहळू सवय होईल.

ससा घरी आला त्याला पंधरा दिवस झाले. रविवारची दुपार होती, जेवणं झाली होती, तपासनीस आपल्या गादीवर आडवे झाले होते. तेवढ्यात लेक येऊन समोर उभी राहिली. फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाबा, एक मागू?"

तपासनीस उठून बसले. किती महिन्यांनी हे ऐकलं, ते त्यांना आठवेना. पोहायचा वर्ग, सायकल, मैत्रिणीचं घर, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं, आणि त्यांनी मनात ठरवून टाकलं की जे मागेल ते द्यायचं. लगेच म्हणाले, "माग की."

"पण हो म्हणाल ना?"

"म्हटलं समज."

"मग आजपासून तुम्ही गॅलरीत झोपाल? तुम्ही घोरता ना, तो घाबरतो. निवाऱ्यातल्या बाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, एकाला हलवावं लागेल, आणि सशाला हलवणं बरं नाही."

तपासनिसांनी दाराकडे पाहिलं. दारात बायको उशी आणि चादर घेऊन उभी होती. चादर घडी घातलेली होती, म्हणजे विचार सकाळीच झालेला होता.

ते "हो" म्हणाले. लेकीने त्यांच्या गळ्यात हात टाकला, अगदी घट्ट, आणि तेवढ्यापुरतं त्यांना गॅलरीचंही काही वाटलं नाही. उशी काखेत घेऊन ते निघाले. उंबऱ्याशी वळून पाहिलं, तर ससा टुणकन त्यांच्या गादीवर चढला होता, ऊब राहिलेली जागा शोधून मागचे पाय लांब ताणून आडवा झाला होता, आणि, खोटं कशाला सांगा, बारीक आवाजात घोरत होता.

तपासनीस काही बोलणार, तोच लेकीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू चाला बाबा. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."