बोरूवळणाच्या खिळ्यांचे नाना

लग्नपत्रिका छापायला आलेल्या वधुपित्याला रंभाजीनाना पहिला प्रश्न विचारत, "पोरगी चालती कशी?"

माणूस चपापायचा. एकदोघे तर भांडायलाच उठले होते. पण नानांना अक्षरांमध्ये किती जागा सोडायची ते ठरवायचं असे. पोरगी भरभर चालणारी असली तर अक्षरं जवळजवळ, ठुमकत चालणारी असली तर ऐसपैस. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. संगमनेरच्या एका छापखान्यात नाना शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत आणि शाळेत शिकवून झाल्यावर मी तिथं प्रुफं तपासत असे.

नानांचा जीव एका जुन्या टाइपात अडकला होता. बोरूनं लिहिल्यासारखं वळण, मध्ये जाड नि टोकाला निमुळती रेघ, वेलांटीला ऐटबाज शेपूट. हा टाइप फक्त लग्नाला. निवडणुकीच्या पत्रकासाठी एका उमेदवारानं फारच हट्ट धरला, तेव्हा नानांनी "खिळे आजारी हायेत" म्हणून त्याला वाटेला लावलं. दशक्रियेच्या कार्डाचा मजकूर तर ते त्या टाइपाच्या लाकडी खणपेटीच्या आसपासही ठेवू देत नसत. काम झालं की सगळे खिळे रॉकेलनं धुवायचे, धोतराच्या फडक्यानं टिपायचे आणि मोजायचे. एक कमी भरला की "आता काय खरं न्हाई!" म्हणत आम्हा सगळ्यांना जमिनीवर रांगायला लावत. एकदा हरवलेला खिळा मालकांच्या चपलेच्या तळाला रुतलेला सापडला.

मग मालकांनी नवा टाइप घ्यायचं ठरवलं. जुने खिळे सोमवारी पुण्याचा फाउंड्रीवाला वितळवायला नेणार होता.

"झिजलेत म्हने," नाना मला म्हणाले. "मी बी झिजलोय की! मला बी न्या म्हनावं."

त्यांचा चहा कपातच गार व्हायचा. दारात टेम्पो थांबला की हातातला खिळा गळून पडायचा.

शनिवारी दुपारी त्यांनी माझ्यापुढे त्याच बोरूवळणात जुळवलेल्या एका पत्रिकेचं प्रूफ ठेवलं. "नीट बघा, गुरुजी. चूक ऱ्हायला नको."

वधूचं नाव शकुंतला. नानांची एकुलती एक मुलगी. तिनं जामखेडच्या एका मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा नाना लग्नाला गेले नव्हते. त्यानंतर त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं, आणि घरात दुसरं माणूसही नव्हतं.

मी चाचरत म्हणालो, "नाना, तारीख तीन वर्षांपूर्वीची पडलीय."

"तारीख बरोबर हाय. पत्रिकाच ऱ्हायली हुती."

मी प्रूफ पुन्हा वाचलं. चूक एकही नव्हती. नानांनी एकच प्रत काढली, शाई वाळेपर्यंत तिच्याशेजारी उभे राहिले आणि ती पाकिटात घालून पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

"पत्ता तुमी लिवा, गुरुजी. माझं अक्षर वळखलं तर फोडायची न्हाई ती."