जुळ्या गाठी

दातांच्या डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर तीन स्टिअरिंग ओळीने मांडली होती आणि डोक्याला दवाखान्यातला दिवा बांधून ते त्यांच्यावर वाकले होते.

त्यांच्या लाल, दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचं मूळचं लाकडी स्टिअरिंग तडकलं होतं. तसं कुठेच मिळेना, म्हणून लाकडासारखं दिसणारं घेणं भाग होतं. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. नवा भाग आतल्या मूळ सजावटीत मिसळून गेला तरच गाडी पहिल्या रांगेत, नाहीतर थेट कुंपणापाशी, असा अध्यक्षांचा खाक्या होता. डॉक्टरांची गाडी आजवर कुंपणापाशीच उभी राहत आली होती.

“अहो, ताटं कुठे मांडू? डोक्यावर?” बायकोने विचारलं.

“थांब गं. हे तांबूस, ते पिवळट, आणि हे तर चॉकलेटच दिसतंय. नकली वस्तू शेजाऱ्यांत मिसळली पाहिजे. जन्मभर मी दुसरं काय केलं?”

ते खरंच होतं. डॉक्टरांनी बसवलेली कॅप कुठली नि मूळ दात कुठला, हे खुद्द पेशंट विसरून जात. सध्या मात्र एका वृत्तनिवेदिकेच्या पुढच्या दाताने त्यांचा घाम काढला होता. काही केल्या रंग जुळत नव्हता.

इथे शेजारी म्हणजे डॅशबोर्ड. मधाच्या रंगाचा, आणि त्यावर दोन गाठी, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. पाहुणा आला की डॉक्टर त्याला आधी गाडीत बसवत, मग घरात. “जुळ्या गाठी! निसर्गाची किमया बघा!” पाहुणे मान डोलवत. बायकोला नेमकं त्याच वेळी गॅस बंद केला की नाही हे आठवेनासं होई.

स्टिअरिंग पाठवणाऱ्या दुकानदाराने फोनवर सुचवलं, “डॉक्टर, डॅशबोर्डच सोडवून आणा ना. शेजारी ठेवून बघू.”

“गाडी उघडायची नाही!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“अगं, चारदोन स्क्रू तर आहेत.”

“मिक्सरलाही तेवढेच होते.”

मिक्सरचा विषय निघाल्यावर डॉक्टरांचं काही चालत नसे. अखेर तडकलेल्या स्टिअरिंगला पट्टी गुंडाळून त्यांनी गाडीच दुकानाकडे काढली. ऑइलच्या वासाने डोकं धरणारी बायको आपणहून शेजारी येऊन बसली.

दुकानदाराने माळ्यावरून एक स्टिअरिंग काढलं. डॉक्टरांनी ते डॅशबोर्डसमोर धरलं. तोच मध, त्याच रेषा. एवढंच काय, कडेला तीच गाठ!

“अरे, हे तर त्याच झाडाचं लाकूड!”

“लाकूड कसलं डॉक्टर, छपाई आहे. हाच नमुना टेबलांना लागतो, दारांना लागतो, कप्प्यांत घालायच्या चिकट कागदालाही लागतो.”

डॉक्टरांनी स्टिअरिंगवरची गाठ पाहिली. मग डॅशबोर्डवरच्या दोन्ही पाहिल्या. मग बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या टायरांच्या ढिगाकडे फार आस्थेने बघत होती.

“अगं?”

“तुम्ही परिषदेला गेला होता. मी नुसती गाडीत बसून नखं रंगवत होते. रंग पुसायची बाटली लवंडली, पॉलिश उडालं. म्हटलं, कप्प्यांचा कागद उरलाय…”

“आणि मी जगाला बोलावून दाखवतोय!”

“परत आलात नि म्हणालात, ‘पुसल्यावर गाठी काय उठून दिसतायत!’ मी सांगणारच होते. पण तुम्ही इतके खूश असायचे!”

डॉक्टरांनी खिशातून दात तपासायचा छोटा आरसा काढला. डॅशबोर्डच्या कडा, कोपरे, घड्याळाभोवतीची गोलाई, सगळीकडे आरसा फिरवला. मग बोटाने चाचपलं. कुठे बुडबुडा नाही, कुठे सांधा नाही. त्यांचा राग हळूहळू कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही.

“ही गोलाई कशाने कापलीस?”

“नखं कापायच्या कात्रीने.”

डॉक्टरांनी त्या गोलाईवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग स्टिअरिंग तेच बसवून घेतलं.

रविवारी अध्यक्ष गाडीत डोकावले. स्टिअरिंगवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, “हे नकली. लगेच कळतं.” डॉक्टरांचा चेहरा उतरला. मग अध्यक्षांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. “पण डॅशबोर्डपुढे खपून जातं. अस्सल ते अस्सलच! पहिल्या रांगेत घ्या गाडी.”

बायकोने घाईघाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “कागदाची कमाल आहे, साहेब. सगळं काम हिचं.”

अध्यक्ष पुन्हा वाकले, बराच वेळ निरखत राहिले, मग खो-खो हसले. “उगाच थट्टा करू नका, डॉक्टर! लाकूड मला कळतं,” असं म्हणत पुढच्या गाडीकडे गेलेसुद्धा.

परतताना घराच्या फाटकात गाडी थांबवून डॉक्टरांनी किंचित अदबीने घसा साफ केला.

“उद्या सकाळी मोकळी आहेस का?”

“का? काय झालं?”

“जरा दवाखान्यात ये. त्या वृत्तनिवेदिकेचा पुढचा दात तू एकदा बघ.”